दोन वर्षांचा पास, चौदा वर्षांची शाळा

सिंगापूरच्या सरकारी प्राथमिक शाळेतला एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. पहिली-दुसरीचा असेल तर तीस मुलं, तिसरीपासून पुढे चाळीसपर्यंत. खिडकीपाशी तीन मुलं शेजारी शेजारी बसली आहेत. बाई एकच, फळा एकच, गणिताचं पुस्तकही एकच. पहिल्या मुलाचे आईवडील सिंगापूरचे नागरिक. त्यांना महिन्याला जास्तीत जास्त १३ डॉलर भरावे लागतात. दुसऱ्याचे आईवडील कायम रहिवासी, म्हणजे तिथले सगळे ज्यांना नुसतं ‘पीआर’ म्हणतात ते. त्यांना अडीचशे-तीनशे डॉलर पडतात. तिसरी मुलगी वडिलांच्या नोकरीपायी पुण्याहून आलेली. तिच्यासाठी महिन्याला नऊशे डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. पहिल्या आणि तिसऱ्या मुलाच्या फीत जवळजवळ सत्तरपटींचा फरक.

इथून पुढे डॉलर म्हणजे सिंगापूरचा डॉलर, आणि हिशेबापुरता तो पासष्ट रुपयांचा धरू. म्हणजे तेरा डॉलर झाले साडेआठशे रुपये आणि नऊशे डॉलर झाले साडेअठ्ठावन्न हजार. डॉलरमध्ये कमावणाऱ्याने रुपयांत गुणाकार करू नये असं तिथे गेलेले सगळे एकमेकांना सांगतात, आणि सगळे तो करतात.

यातली खरी गोम अशी की ती तिसरी मुलगी नशीबवान आहे. तिचे महिन्याचे साडेअठ्ठावन्न हजार हा शहरातला स्वस्त भाव आहे. याच शहरातल्या अमेरिकी, ब्रिटिश किंवा इतर बड्या आंतरराष्ट्रीय शाळांत तिचं नाव घातलं असतं तर वर्षाला चाळीस ते पन्नास हजार डॉलर गेले असते. सव्वीस ते साडेबत्तीस लाख रुपये. एका मुलाचे, एका वर्षाचे.

हे आकडे कुठून सुरू झाले ते बघण्यासारखं आहे. १९२५ साली ॲन ग्रिफिथ-जोन्स नावाच्या बाईंनी सिंगापूरच्या टँगलिन क्लबच्या आवारात एक शाळा काढली. पटावर मुलं पाच. तेव्हाची रीत अशी की साहेबाची मुलं जरा मोठी झाली की त्यांना बोटीत बसवून इंग्लंडच्या वसतिगृहात धाडायचं. या बाईंचं म्हणणं होतं की मुलांना आईबापांजवळ ठेवूनही शिकवता येतं. पुढे जपान्यांनी सिंगापूर घेतलं, बाई चांगीच्या बंदिवासात गेल्या, युद्ध संपल्यावर शाळा पुन्हा उभी राहिली. तीच आजची टँगलिन ट्रस्ट स्कूल. २०२५ मध्ये तिला शंभर वर्षं झाली आणि पट २,८०० च्या घरात आहे.

अमेरिकन मंडळींनी १९५६ मध्ये आपली शाळा काढली, तीही एका बंगल्यात. आज सिंगापूर अमेरिकन स्कूल उत्तरेला वुडलँड्समध्ये ३६ एकरांवर पसरली आहे आणि तिथे सुमारे चार हजार मुलं शिकतात. दादरचं शिवाजी पार्क मैदान अठ्ठावीस एकरांच्या आत बसतं, म्हणजे ते अख्खं या शाळेच्या कुंपणात ठेवलं तरी आठ एकर उरतील. आणि हे अशा देशात, ज्याचं एकूण क्षेत्रफळ ७३५ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. नुसता पुणे जिल्हा त्याच्या एकवीसपट भरतो.

१९७१ मध्ये तिसरी बडी शाळा आली. ब्रिटिश लष्कर सिंगापूर सोडून गेलं, त्यांच्या मुलांच्या शाळेची इमारत रिकामी पडली आणि तिथे सिंगापूर इंटरनॅशनल स्कूल सुरू झाली. उद्घाटनाला पंतप्रधान ली क्वान यू स्वतः हजर होते. पुढे ती युनायटेड वर्ल्ड कॉलेजांच्या कुटुंबात गेली. आज तिच्या डोव्हर आणि टँपिनीस या दोन आवारांत मिळून साडेपाच हजारांवर मुलं आहेत. याच कुटुंबातलं एक भावंड आपल्याकडे मुळशीच्या डोंगरावर आहे, १९९७ साली सुरू झालेलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. तिथली जागा सिंगापूरच्या अमेरिकन शाळेच्या कित्येक पट आणि मुलं मात्र अडीचशेच्या आत. सिंगापूरच्या आणि मुळशीच्या कॉलेजांची तत्त्वं एकच असली तरी प्रमाण असं उलटंपालटं.

आता चौदा वर्षांचा हिशेब. बहुतेक पालक वर्षाच्या फीचा तक्ता बघतात आणि तिथेच थांबतात. तो तक्ता फसवा असतो, कारण फी दरवर्षी वाढते आणि मूल मोठ्या इयत्तेत गेलं की पुन्हा वाढते. आपण सौम्य हिशेब धरू. समजा बालवर्गाला फी तीस हजार डॉलर आहे आणि ती दरवर्षी फक्त चार टक्क्यांनी वाढते. चौदाव्या वर्षी, म्हणजे बारावीला, ती पन्नास हजारांना टेकलेली असेल. चौदा वर्षांची बेरीज येते सुमारे ५,४८,७५७ डॉलर. रुपयांत साडेतीन कोटींच्या वर.

साडेतीन कोटी हा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून तो बारीक करू. शाळा वर्षातून १८० दिवस भरते असं धरलं तर चौदा वर्षांत २,५२० दिवस होतात. दर दिवसाला २१८ डॉलर, म्हणजे चौदा हजार रुपये. सात तासांची शाळा धरली तर तासाला दोन हजार. त्यात मधली सुट्टी आली, डबा खाणं आलं, रांगेत उभं राहणं आलं. कार्ट्याने अर्धा तास खिडकीबाहेर बघत काढला तर ते हजार रुपयांचं बघणं. मुलाला ताप आला म्हणून दोन दिवस घरी ठेवलं तर अठ्ठावीस हजार गेले, डॉक्टरची फी वेगळी.

शिवाय ही नुसती शिकवणीची फी आहे. अर्जासोबत पैसे, जागा मिळाली की काही हजार डॉलरचं नोंदणीशुल्क जे परत मिळत नाही, इमारत निधी, वर्षाला काही हजार डॉलर घेणारी बस, गणवेश, लॅपटॉप, आणि मोठ्या वर्गांत परदेशी सहल. इंग्रजी कच्चं असेल तर त्याचे जादा पैसे. नागपूरहून आजी व्हिडिओ कॉलवर विचारते, ‘काय रे, पोरीची फी किती भरलीस?’ मुलीचा बाप म्हणतो, ‘आई, ते राहू दे, तुझं बीपी वाढेल. तू जेवलीस का?’

तुलना हवीच असेल तर सिंगापूरच्याच दुसऱ्या एका वेडाची करावी. तिथे गाडी घेण्याआधी ती बाळगायचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. दहा वर्षांचा हा परवाना ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांसाठी १,५०,००१ डॉलरला गेला होता. गाडीची किंमत त्यात नाही, नुसता कागद. हा उच्चांक ऐकून जगभरच्या वर्तमानपत्रांनी तोंडात बोट घातलं. एका मुलाच्या चौदा वर्षांच्या फीत असे साडेतीन परवाने येतात, पण त्याची बातमी कोणी केली नाही.

मग हे भरतं कोण? सिंगापूरची लोकसंख्या जून २०२४ मध्ये ६० लाख ४० हजार होती. त्यातले १८ लाख ६० हजार बाहेरचे, ना नागरिक ना पीआर. म्हणजे तीन माणसांमागे जवळजवळ एक. वाटतं की एवढ्या परदेशी माणसांची मुलं असणार म्हटल्यावर शाळा तुडुंब भरणारच. पण यातले अकरा लाखांहून अधिक लोक वर्क परमिटवर आहेत: तमिळनाडूहून, बांगलादेशातून, चीनमधून आलेले बांधकाम मजूर, गोदी कामगार, आणि फिलिपिन्स, इंडोनेशिया, म्यानमारमधून आलेल्या घरकामाच्या बायका. वर्क परमिटवाल्याला बायकामुलं आणता येत नाहीत. शाळेची इमारत ज्याने बांधली त्याचं मूल तिरुचिरापल्लीत आणि शाळेतल्या मुलाला आंघोळ घालणाऱ्या बाईचं मूल मनिलाजवळच्या एखाद्या गावात. आंतरराष्ट्रीय शाळांच्या चर्चेत ही दोन मुलं कधीच मोजली जात नाहीत.

मोजली जातात ती एम्प्लॉयमेंट पासवाल्यांची, म्हणजे वरच्या पगाराच्या परदेशी नोकरदारांची. असे पासधारक साधारण दोन लाख. २०२५ पासून नव्या पासाला महिन्याला किमान ५,६०० डॉलर पगार लागतो. आर्थिक क्षेत्रात त्याहून जास्त. वय वाढेल तशी ही अटही चढते. आणि बायकोमुलांना सोबत आणायचं तर महिन्याचा पगार किमान ६,००० डॉलर हवा. ऐकायला दणदणीत आहे, जवळजवळ चार लाख रुपये. पण वर्षाचे झाले ७२,००० डॉलर. दोन मुलं चाळीस हजारांच्या शाळेत घातली तर फी झाली ८०,०००. सरकारच्या नियमाने ज्याला कुटुंब आणायची ऐपत आहे असं ठरलं, त्याचा अख्खा पगार शाळेच्या दारात ठेवला तरी आठ हजार कमीच पडतात. घरभाडं, किराणा, आयकर अजून बाकी आहेत.

ज्या काळात हे भाव जन्मले त्या काळात कोणी हा हिशेब करतच नव्हतं. बँकेने किंवा तेल कंपनीने लंडनहून साहेब आणला की घर, गाडी, वर्षातून एकदा मायदेशाचं विमानाचं तिकीट आणि मुलांची शाळा हे सगळं कंपनीच्या खात्यावर जायचं. शाळेच्या लेखी ग्राहक ती कंपनी होती, पालक फक्त निरोप्या. आता कंपन्यांनी हात आखडते घेतले. हिंजवडीतून किंवा बंगळुरूहून गेलेल्या बहुतेकांना तिथल्या स्थानिक अटींवरच पगार मिळतो, शाळेचा वेगळा भत्ता नाही. भाव कंपनीसाठी ठरलेले आणि बिल आलं माणसाच्या खिशावर. माझ्या मते सिंगापूरच्या फीचे आकडे डोळे फिरवतात ते एवढ्याच कारणाने. आकड्यांपेक्षा भरणारा जास्त बदलला.

इतर आशियाई राजधान्यांनी या पेचातून दुसरी वाट काढली, स्थानिक श्रीमंतांच्या मुलांची. जगभरात इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळा २००० साली अडीच हजारांच्या आसपास होत्या आणि त्यांत दहा लाखांहून कमी मुलं होती. आज शाळा चौदा हजारांच्या पुढे आणि मुलं सुमारे सत्तर लाख. म्हणजे सिंगापुरात जेवढी माणसं राहतात त्याहून जास्त मुलं आज जगात या शाळांच्या बाकांवर बसली आहेत. या शाळांची वर्षाची फी एकत्र केली तर साठ अब्ज अमेरिकी डॉलरच्या वर जाते, पाच लाख कोटी रुपये. आपल्या केंद्र सरकारचं शिक्षणाचं वर्षाचं अंदाजपत्रक सव्वा लाख कोटींच्या आसपास असतं. चौपट झालं. एवढी परदेशी साहेबांची मुलं जगात नाहीतच. पूर्वी या शाळांत दहातली आठ मुलं परदेशी असायची, आता दहातली आठ त्या-त्या देशातल्या पैसेवाल्यांची. मलेशियाने स्थानिक मुलांसाठीची ४० टक्क्यांची मर्यादा २०१२ मध्ये उठवली. बँकॉकने त्याही आधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, थाई मुलांना दार उघडलं.

सिंगापूरने मात्र ते उघडलं नाही. तिथे १ जानेवारी २००३ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आहे आणि सक्ती देशी शाळेची आहे. नागरिकाने मूल शाळेत घातलं नाही तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड, बारा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आंतरराष्ट्रीय शाळेत घालायचं तर शिक्षण मंत्रालयाची खास परवानगी. परिणामी एकाच शहरात दोन रांगा आहेत. नागरिकांच्या मुलांना सहजी बाहेर पडता येत नाही आणि परदेशी मुलांना सहजी आत शिरता येत नाही. शाळांना स्थानिक श्रीमंतांचा आधार नाही, म्हणून त्यांचा सगळा डोलारा परदेशी नोकरदारांच्या येण्याजाण्यावर उभा. क्वालालंपूर किंवा बँकॉकपेक्षा सिंगापूरच्या या शाळा म्हणूनच जुन्या पद्धतीच्या वाटतात. वर्गातलं जवळजवळ प्रत्येक मूल कुठून तरी आलेलं आणि कधीतरी जाणारं.

‘कधीतरी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. फीच्या तक्त्यात एक आकडा छापलेला नसतो आणि निर्णय सगळा त्याच्यावर अडलेला असतो: आपण इथे राहणार किती वर्षं? पहिला एम्प्लॉयमेंट पास जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. नूतनीकरण एका वेळी तीन वर्षांपर्यंतचं. नोकरी गेली की पास रद्द होतो आणि साधारण तीस दिवसांत आवराआवर करावी लागते. बायकोमुलांचे पास त्याच पासाला बांधलेले, म्हणजे बाबांची नोकरी आणि मुलीची तिसरी यांचा शेवट एकाच तारखेला. घरमालकालासुद्धा हे कळतं. सिंगापुरात भाडेकरार बहुधा दोन वर्षांचा असतो आणि त्यात एक कलम असतं, ज्याला सगळे डिप्लोमॅटिक क्लॉज म्हणतात: बारा महिने झाल्यावर नोकरीपायी देश सोडावा लागला तर दोन महिन्यांची नोटीस देऊन मोकळं व्हा. शाळा मात्र बहुतेक ठिकाणी एका सत्राची नोटीस मागते, नाहीतर त्या सत्राची फी. तीस दिवसांत देश सोडायचा आणि नोटीस द्यायची तीन महिन्यांची.

या अस्थिरतेचा मुलांच्या बाजूने हिशेब करून बघा. समजा एखाद्या शाळेतलं पाचातलं एक मूल दरवर्षी गाव सोडतं. पहिलीच्या वर्गात चोवीस मुलं आहेत. पाच वर्षांनी त्यातली आठच उरतील, बाकीच्या सोळा बाकांवर नवे चेहरे. मुलीने दर वर्षी चार-पाच मित्रमैत्रिणींना निरोपाची भेटकार्डं लिहिली आणि तेवढ्याच नवीन नावांचे उच्चार शिकून घेतले. पालकसभेत शाळा हे कौतुकाने सांगते: साठ देश, ऐंशी देश, शंभर देश. मला त्या आकड्यापेक्षा हा आठचा आकडा आधी विचारावासा वाटतो. प्रवेशाच्या दिवशी शाळेला विचारायचा एकच प्रश्न निवडायचा झाला तर तो निकालाचा नसावा. गेल्या वर्षी किती मुलं सोडून गेली आणि नवीन आलेल्या मुलाला पहिले सहा आठवडे कोण सांभाळतं, हा असावा.

ज्यांना दोन-तीन वर्षांनी परतायचं आहे त्यांच्यासाठी भारतीय शाळांची एक वेगळी साखळी उभी राहिली. २००२ मध्ये सिंगापुरात ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल सुरू झाली, अतुल तेमुर्णीकर तिच्या संस्थापकांपैकी. तिच्या शाखा आता टोकियोपासून दुबईपर्यंत आणि आपल्या पुण्यातही आहेत. पुढे एनपीएस इंटरनॅशनल वगैरे आल्या. सीबीएसईची वर्षाची फी साधारण पंधरा ते वीस हजार डॉलर. बड्या शाळांच्या निम्म्याहून कमी, तरी दहा-तेरा लाख रुपये. पुण्या-ठाण्यातल्या बऱ्याच चांगल्या शाळांची पाच-सात वर्षांची फी त्यात निघते. पण इथे एक गोष्ट मोलाची आहे: मूल परतलं तर पुस्तक तेच. सहावीतून सहावीत. सीबीएसईच्या दोनशेहून जास्त शाळा भारताबाहेर आहेत, त्या अभ्यासक्रमाच्या प्रेमापोटी नव्हेत, परतीच्या तिकिटापोटी आहेत.

आणि सरकारी शाळा? नऊशे डॉलरच्या त्या बाकाला तिथल्या भारतीयांत मोठा मान आहे, कारण सिंगापूरचं गणित जगात नावाजलेलं. पण तिथे पैसे नव्हे, जागा मिळत नाही. पहिलीत नागरिक आणि पीआर यांची मुलं घेऊन झाल्यावर शेवटच्या टप्प्यात परदेशी मुलांचा नंबर. घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत आहे की दोनच्या, यावरून नागरिकांमध्येच चिठ्ठ्या निघतात, तिथे परक्याला कोण विचारतो. दुसरी ते पाचवी आणि माध्यमिकच्या पहिल्या तीन वर्षांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रवेशपरीक्षा असते, इंग्रजी आणि गणिताची. पास झालात तरी शाळा मंत्रालय ठरवणार. ती नाकारली तर दुसरी मिळत नाही. बाकी मातृभाषेच्या तासाला तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येतात. मराठी त्या यादीत नाही. मराठी मूल बहुधा हिंदी घेतं आणि मराठी घरात बोलतं.

शिवाय शाळांचे कॅलेंडर एकमेकांशी भांडतात. सरकारी शाळा जानेवारीत सुरू होते, सीबीएसई एप्रिलमध्ये, अमेरिकी आणि ब्रिटिश ऑगस्टच्या मध्यापासून. कंपनीचं बदलीपत्र यातल्या कुठल्याच महिन्याकडे बघून निघत नाही. नोव्हेंबरात पुण्याहून निघालेल्या चौथीच्या मुलाला जानेवारीच्या सरकारी वर्गाची परीक्षा हुकलेली असते, अमेरिकी शाळेचं वर्ष तीन महिने पुढे गेलेलं असतं आणि सीबीएसईची वार्षिक परीक्षा तोंडावर.

पीआर घेऊन टाका म्हणजे नऊशेचे तीनशे होतील, असा सल्ला पहिल्या वर्षीच मिळतो. मुलगी असेल तर प्रश्न सोपा. मुलगा असेल तर त्या सहाशे डॉलरच्या बचतीला एक शेपूट आहे: आईबापांमुळे पीआर झालेल्या मुलाला अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षं पूर्ण वेळ लष्करी सेवा करावी लागते आणि त्यानंतर चाळिशीपर्यंत राखीव दलात बोलावणं येत राहतं. सेवा न करता पीआर सोडला तर त्या मुलाला पुढे सिंगापुरात शिकायला किंवा नोकरीला येणं अवघड होतं. सात वर्षांच्या पोराच्या शाळेची फी वाचवताना त्याच्या विशीच्या तोंडावरची दोन वर्षं आईबाप आज लिहून देतात. काही जण विचारपूर्वक देतात आणि मुलगेही अभिमानाने करतात. मला तो सौदा वाईट वाटत नाही, फक्त फीच्या तक्त्याशेजारी तो आकडाही मांडलेला असावा.

राहता राहिलं परतणं. बहुतेक मराठी घरांत ‘मुलगी आठवीत गेली की बघू’ असं एक वाक्य असतं. आठवीच का, याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या आणि त्यासाठी सर्वसाधारण नियमाने दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. दहावी सिंगापूरहून झाली की आईवडील पिढीजात साताऱ्याचे असोत, ते मूल त्या ८५ मधून बाहेर. उरल्या देशभरासाठीच्या १५ टक्के जागा, किंवा खासगी महाविद्यालयांतल्या अनिवासी भारतीयांच्या, ज्यांची फी ऐकून सिंगापूर स्वस्त वाटू लागतं.

अभियांत्रिकीचं नेमकं उलटं. परदेशात शिकलेल्या भारतीय मुलांना एनआयटीत थेट प्रवेश देणारी जी योजना आहे, तिच्यासाठी अकरावी आणि बारावी ही दोन वर्षं बाहेर झालेली असावी लागतात. आणि मूल मधल्या काळात आयबीकडे, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमाकडे, वळलं असेल तर त्याचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो, तोवर भारतातल्या कित्येक प्रवेशफेऱ्या सुरू झालेल्या असतात. म्हणजे मुलगी डॉक्टर व्हायची असेल तर नववी संपायच्या आत परत फिरायचं, इंजिनिअर व्हायची असेल तर बारावी होईपर्यंत हलायचं नाही. आणि हे ठरवायचं केव्हा, तर ती पाच वर्षांची असताना, बालवर्गाचा फॉर्म भरताना, बाबांच्या पासाची बावीस महिन्यांची मुदत बाकी असताना.